वाचक विचारतात : काकण, खंड्या आणि निळोबा

गेल्या अंकात माझी सहा छापचित्रं आणि सोबत पानभर मजकूर छापून आला होता. मी ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर, सिडनीच्या दक्षिणेला वुलनगाँगजवळ कोलडेल नावाच्या गावात राहते, लिनो, म्हणजे लिनोलियमचा तक्ता, कोरून छापचित्रं करते आणि ८४ वर्षांची आई माझ्याजवळ असते, एवढंच त्यात सांगितलं होतं. त्यावर वाचकांची पत्रं आली. संपादकांनी ती माझ्याकडे पाठवली आणि जमेल तितक्यांना उत्तरं द्या म्हणाले. आईने सगळी पत्रं माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. तिने केलेल्या दुरुस्त्याही या उत्तरांत आहेत.

तुमचा नेहमीचा दिवस कसा असतो? चित्र काढायची वेळ ठरलेली असते की लहर लागेल तेव्हा?
*(एक निवृत्त शिक्षक, देवगड)*

सर, नमस्कार. माझा दिवस भरती-ओहोटी ठरवते. फ्रिजच्या दारावर भरतीचं कोष्टक चिकटवलेलं आहे आणि शेजारी कालनिर्णय टांगलेलं. ओहोटी पहाटेची असली की साडेपाचला मी कातळावर असते. आमचं गाव म्हणजे एक चिंचोळी पट्टी. मागे डोंगराची उभी कड, पुढे समुद्र, मधे रेल्वेचे रूळ, एक रस्ता आणि घरांच्या दोन-चार रांगा. घर जुनं, लाकडी, एका कोळसा-खाणकामगाराचं. मागच्या पडवीत माझं काम चालतं.

सूर्य इथे समुद्रातून वर येतो. तुम्हा-आम्हा कोकणातल्या माणसांना तो समुद्रात बुडताना बघायची सवय. आई या देशात आली तेव्हा कित्येक महिने तिला दिशा लागत नव्हत्या. समुद्र दिसला की ती पश्चिम, हे अंगात मुरलेलं. तिन्हीसांजेला ती समुद्राकडे बघून हात जोडायची आणि सूर्य पाठीमागे डोंगराआड गेलेला असायचा.

कातळावर मी फारसं काढत नाही, बघते. वही खिशात मावेल एवढी. पाणी उतरलं की डबक्यांच्या काठाला गडद लाल, ओले गोळे चिकटलेले दिसतात. ती समुद्रफुलं. पाणी परत चढेपर्यंत अंग मिटून बसतात. शेवाळाच्या माळा असतात, ऑलिव्हच्या रंगाच्या पोकळ मण्यांच्या, आत पाणी भरलेलं. पायाखाली आल्या तर पटपट फुटतात. गेल्या आठवड्यात पोर्ट जॅक्सन शार्कच्या अंड्याचं रिकामं कवच मिळालं. तळहाताएवढं, चिंचोक्याच्या रंगाचं, आणि आकार थेट मळसूत्राचा : दोन पट्ट्या गोल फिरत टोकापर्यंत गेलेल्या. मादी घालते तेव्हा ते मऊ असतं. ती ते तोंडात धरून खडकाच्या फटीत खोचते. मग ते कडक होतं आणि मळसूत्रामुळे लाटांनी निघत नाही. पिल्लू बाहेर यायला दहा-बारा महिने लागतात. ते कवच मी चार दिवस हातात फिरवत काढलं. पट्टीची कड कुठे पातळ होते, उजेडाला धरलं की कुठून मधासारखा प्रकाश येतो, हे बोटांना कळेपर्यंत मी कोरणी उचलत नाही.

घरी येईपर्यंत काकाकुवांचा थवा आलेला असतो. पांढरे, पिवळ्या तुऱ्याचे, आणि आवाज असा की शेजारी बोललेलं ऐकू येऊ नये. खिडकीच्या चौकटीचं लाकूड त्यांनी कुरतडून ठेवलं आहे. आमच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर स्टॅनवेल पार्क गाव आहे. तिथले काकाकुवा कचऱ्याच्या पेट्यांची झाकणं चोचीने उचलून, काठावरून चालत मागे उलटवायला शिकले आणि ही विद्या त्यांनी एकमेकांची बघून उचलली. २०१८ आधी सिडनीच्या आसपासच्या तीन वस्त्यांमध्ये हा प्रकार दिसत होता, २०१९ संपेपर्यंत ४४ वस्त्यांमध्ये पोचला. अभ्यासकांनी तो नोंदवून प्रसिद्धही केला आहे. लोक झाकणावर विटा ठेवतात, बिजागरीत जुने बूट खोचतात. पक्षी त्यावरही तोड काढतात. मला त्यांचा पाय काढायला फार आवडतो. राखाडी, सुरकुतलेला, आणि पकड माणसाच्या मुठीसारखी.

चहानंतर पडवी. थंडीत लिनो कडक होतं. गरम पाण्याच्या रबरी पिशवीवर दहा मिनिटं ठेवलं की खरवसासारखं कापलं जातं. खाऱ्या हवेने कोरण्या गंजतात, म्हणून रोज रात्री त्यांना शिवणयंत्राच्या तेलाचा हात. दमट दिवसांत तेलाची शाई वाळायला आठवडा लागतो. छाप दोरीला चिमट्यांनी लटकत असतात. आई त्याला वाळवण म्हणते आणि खरोखर वाळवणासारखीच राखण करते. वाऱ्याने एखादा कागद उलटला की आतून हाक येते.

लहर वगैरे मला माहीत नाही, सर. कोष्टकातली ओहोटी चुकली की त्या दिवशीचं चित्र गेलं.

काकू, तुम्ही लहानपणी कांगारूंबरोबर खेळलात का? शाळेत तुम्हाला मैत्रिणी होत्या का?
*(इयत्ता सातवीतली एक मुलगी, सातारा)*

बाळ, कांगारूंबरोबर नाही खेळले. शहरात ते नसतात. सहावीत असताना शाळेची सहल दक्षिणेला मरामरँगच्या जंगलात गेली होती. तिथे पेब्ली बीच म्हणून जागा आहे. संध्याकाळी करडे कांगारू चरत चरत थेट वाळूपर्यंत येतात. एकीच्या पोटाच्या पिशवीतून दोन लांब पाय बाहेर लोंबत होते, डोकं आत. मला वाटलं पिल्लू उलटं पडलं. बाईंनी सांगितलं, ते डोकं आधी घालून उडी मारतं आणि मग आत वळतं. ते दोन पाय मी परतीच्या बसमध्ये अकरा वेळा काढले.

आम्ही १९७८ साली आलो. मी आठ वर्षांची होते, आंजर्ल्याच्या मराठी शाळेत तिसरी झालेली. गोऱ्यांनाच येऊ देण्याचं या देशाचं जुनं धोरण १९७३ साली संपलं, त्यामुळे आमच्यासारख्यांना वाट मिळाली. बाबा पोर्ट केम्बलाच्या पोलाद कारखान्यात फिटर म्हणून लागले. आम्ही वॉरावाँग नावाच्या वस्तीत राहत होतो. एका बाजूला कारखान्याची धुराडी, दुसऱ्या बाजूला इलावारा सरोवर. रात्री भट्टीतली तापलेली धातुमळी ओतली की ढग खालून नारिंगी व्हायचे. माझ्या वर्गात मॅसेडोनियन, पोर्तुगीज, इटालियन मुली होत्या. इंग्रजी सगळ्यांचंच नवीन, म्हणून बोलण्यापेक्षा खुणा आणि चित्रं जास्त चालत. मैत्रिणी अशाच झाल्या.

आता पक्ष्याची गोष्ट. पहिल्याच आठवड्यात पहाटे कोणीतरी मोठमोठ्याने हसायला लागलं. एक थांबलं की दुसरं, मग चार-पाच मिळून. मी घाबरून आईच्या पांघरुणात शिरले. उजाडल्यावर आईने खिडकीतून बघितलं. मागच्या अंगणात लोखंडी खांबावर फिरणारी, छत्रीसारखी वाळणीची दोरी होती. तिच्यावर एक तपकिरी-पांढरा, मोठ्या डोक्याचा पक्षी मान आत ओढून बसला होता. आई म्हणाली, "हा तर खंड्या! चोच बघ ना." आणि तो खरोखरच खंड्याच्या कुळातला निघाला. कूकाबरा म्हणतात त्याला. साऱ्या खंड्यांमध्ये तो वजनदार. आईने पुस्तकात बघितलं नव्हतं, कोणाला विचारलं नव्हतं. नुसत्या चोचीवरून आणि बसण्याच्या ढंगावरून तिने ओळखला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की इथेही आपलं कोणीतरी आहे.

मी शाळेत त्याचं चित्र काढलं आणि चोचीत मासा दिला. खंड्या म्हटल्यावर मासा आलाच. आमच्या बाई म्हणाल्या, "चित्र छान आहे. पण त्याला मासा खाताना तू पाहिलंस का?" मी पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मग आठवडाभर बघ आणि ये." मी रोज शाळेतून आल्यावर मागच्या पायरीवर बसायचे. चौथ्या दिवशी तो दोरीवरून खाली झेपावला, गवतातून एक सरडा उचलला, परत दोरीवर बसला आणि सरड्याला शेपटीने धरून लोखंडी दांड्यावर आपटायला लागला. थाड, थाड, थाड. सरडा मऊ होईपर्यंत. मग अख्खा गिळला. मी दुसरं चित्र काढलं. ते अजून माझ्याकडे आहे, वहीचा कागद पिवळा पडला आहे.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आमचा खंड्यासुद्धा सरडे खातो की. नाकतोडे खातो, खेकडे खातो. तू विचारलं नाहीस."

तू विचारलं आहेस म्हणून सांगते, मी चित्रकलेत जे शिकले त्यातलं अर्ध त्या पायरीवर शिकले. पुढे मुंबईला जे. जे. कला महाविद्यालयात पाच वर्षं होते. तिथे हात तयार झाला. पण नाव कळलं म्हणजे पक्षी कळला असं नाही, हे त्या बाईंनी शिकवलं.

आणखी एक आठवण सांगते. उन्हाळ्यात, म्हणजे इथे डिसेंबर-जानेवारीत, इलावारा सरोवरातली कोळंबी अंधाऱ्या रात्री ओहोटीबरोबर समुद्राकडे निघते. विंडँगच्या पुलाखाली माणसं कमरेएवढ्या पाण्यात कंदील आणि दांड्याची जाळी घेऊन उभी राहतात. उजेड पडला की पाण्यात कोळंबीचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. त्यासाठी अमावास्या हवी. मामा मुंबईहून पोस्टाने कालनिर्णय पाठवायचा. ते जानेवारी उलटल्यावर पोचायचं, पण आई त्यातली अमावास्या बघून बाबांना सांगायची आणि बाबा कारखान्यात सांगायचे. दोन वर्षांत असं झालं की बाबांच्या पाळीतले मॅसेडोनियन फिटर डबा खाताना विचारायचे, "तुझ्या बायकोचं कॅलेंडर काय म्हणतं?" पहाटे दोन वाजता आमच्या स्वयंपाकघरात पाच देशांची माणसं आईने केलेलं कोळंबीचं सुकं खात बसलेली मला आठवतात. त्यांचे ओले बूट दाराशी रांगेत.

एक गोष्ट मात्र आता तुमच्या पिढीची चांगली. मी तुझ्याएवढी असताना देवमासा पाहिलाच नव्हता. १९६२पर्यंत या किनाऱ्यावर कुबड्या देवमाशांची शिकार चालली आणि ते जवळजवळ संपले होते. शिकार थांबली, ते हळूहळू वाढले. आज हे लिहिताना खिडकीतून दोन फवारे दिसले, एक मोठा आणि त्याच्या शेजारी एक लहानसा. या दिवसांत आया पिल्लांना घेऊन दक्षिणेच्या थंड पाण्याकडे परत जातात.

विषारी साप, कोळी, जेलीफिश यांच्या देशात तुम्ही खडकांवर एकट्या फिरता. भीती वाटत नाही का? कधी काही झालं का?
*(एक गृहिणी, नाशिक)*

झालं आहे, ताई. दहा वर्षांची होते. दोन दिवस ईशान्येचा वारा होता आणि किनाऱ्यावर निळ्या फुग्यांची ओळ लागली होती. इथे त्याला ब्लूबॉटल म्हणतात. काचेसारखा निळा फुगा, खाली गडद निळा दोरा, हातभर लांब किंवा त्याहूनही जास्त. मी पोटरीएवढ्या पाण्यात होते आणि दोरा पायाभोवती गुंडाळला गेला. तापल्या सुईने टाके घालावेत तशी वेदना. कोणीतरी भल्या मनाने ओली वाळू चोळली. ती चूक होती, त्याने जास्तच पसरतं. दोरा समुद्राच्याच पाण्याने धुऊन काढायचा आणि मग सोसवेल इतक्या गरम, ४५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात पाय वीस मिनिटं ठेवायचा. इथे आता हेच सांगतात.

तुमच्याकडेही हे येतं. जे. जे.ला असताना पावसाळ्यात गिरगाव चौपाटीवर तेच निळे फुगे पाहिले आणि तिथल्या तिथे वाळूत बसून वही काढली. तो एक प्राणी नसतो, अनेक जीवांची वसाहत असते. कोणी फुगा होतं, कोणी दंश करतं, कोणी पचवतं. वरचं शीड कुणाचं डावीकडे झुकलेलं असतं, कुणाचं उजवीकडे. त्यामुळे एकाच वाऱ्यात काही किनाऱ्याला लागतात आणि बाकीची समुद्रात राहतात. एका दुपारी मी डावी-उजवी वेगळी करून काढली. त्यातूनच तुम्ही पाहिलेलं निळं चित्र झालं.

फनेलवेब कोळी आमच्या भागात आहे आणि तो खरोखरच घातक. पण त्याच्या विषावरचा उतारा डॉ. स्ट्रुअन सदरलंड यांच्या चमूने तयार केला, १९८१ साली तो आला, आणि तेव्हापासून त्याच्या चाव्याने माणूस दगावलेला नाही. बाहेर ठेवलेले बूट झटकून घालायचे, एवढी सवय आम्हा सगळ्यांना आहे. कोकणात विंचवासाठी आजी तेच करायची.

भीती वाटते ती निळ्या कड्यांच्या ऑक्टोपसची. सुपारीएवढं अंग. नुसता बसला असेल तर मळकट दिसतो, चिडला की अंगावर निळ्या कड्या उजळतात. चावा दुखतसुद्धा नाही आणि श्वास थांबू शकतो. म्हणून रिकामा शंख मी कधीही सरळ खिशात टाकत नाही. बाकी वसंतात मॅगपाय नावाचे काळे-पांढरे पक्षी डोक्यावर झेप घेतात, तेवढे सहा आठवडे मी त्यांच्या घरट्याखालून जात नाही. ते चेहरे ओळखतात. माझ्या गल्लीतला नर मला ओळखतो आणि सोडून देतो. पोस्टमनला सोडत नाही.

कलेवर घर चालतं का? स्पष्ट सांगाल का?
*(एक कलाविद्यार्थी, पुणे)*

स्पष्ट सांगते. नुसत्या कलेवर चालत नाही. आठवड्यातले तीन दिवस दुपारनंतर मी चित्रांच्या चौकटी करणाऱ्या दुकानात काम करते. दर शनिवारी मुलांना लिनो शिकवते. एका ठशाच्या तीस प्रती काढते, त्या दोन-तीन वर्षांत हळूहळू जातात. या तिन्हींचं मिळून भागतं.

२०१९-२०च्या उन्हाळ्यात तेही भागलं नाही. आमच्या दक्षिणेला शोलहेवन भागात लागलेला करोवनचा वणवा ७४ दिवस चालला. धुराने दुपारी दिवे लावावे लागत होते. बाहेरून कोणी येत नव्हतं, काही विकलं जात नव्हतं. पण मला त्या दिवसांतलं हे सांगायचं आहे : एका सकाळी किनाऱ्यावर भरतीच्या रेषेत जळलेली पानं आली. निलगिरीची, काळी, अख्खी. शिरा जशाच्या तशा. हातात घेतली की भुकटी. कुठल्या डोंगरावरची पानं वाऱ्याने उडून समुद्रात पडली आणि लाटांनी परत आणून ठेवली. मी कागद वाळूवर पसरला, पान त्यावर ठेवलं आणि तळहाताने दाबलं. शाई लागली नाही. पानाने स्वतःचाच छाप सोडला. असे सतरा कागद झाले. ते मी विकलेले नाहीत आणि विकणार नाही.

तुम्हाला एवढंच सुचवते की दुसरं काम असं शोधा ज्यात हात चालतो. चौकटी करताना मी इतरांची शेकडो चित्रं जवळून बघितली आहेत. ते शिक्षण मला कुठे विकत मिळालं नसतं.

तुमच्या 'कुंज' या चित्रात काड्यांच्या दोन भिंती आणि समोर बाटल्यांची निळी झाकणं, चिमटे पसरलेले दिसतात. प्लॅस्टिकच्या कचऱ्यावर हे भाष्य आहे का?
*(एक वाचक, कोल्हापूर)*

नाही हो. ते जसं होतं तसं काढलं आहे. मांडणी माझी नाही, सॅटिन बॉवरबर्ड नावाच्या पक्ष्याची आहे. आईने त्याचं नाव निळोबा ठेवलं आहे. नर लहानपणी मादीसारखाच हिरवट असतो, सातव्या वर्षाच्या सुमाराला पूर्ण निळा-काळा होतो, रेशमासारखी झाक असलेला. डोळे जांभळट निळे. आमच्या कुंपणाच्या कोपऱ्यात, उंच गवताच्या आडोशाला त्याने जागा केली आहे. आधी जमीन झाडून साफ केली. मग बारीक काड्या उभ्या खोचून दोन समांतर भिंती उभारल्या, वरून किंचित आत वळलेल्या. मधे एक पक्षी मावेल एवढी वाट. आणि तोंडाशी पिवळ्या गवताच्या अंथरुणावर निळ्या वस्तू. पोपटांची निळी पिसं, रानातली निळी फळं, दुधाच्या बाटलीची झाकणं, कपड्यांचे चिमटे, पेनाचं टोपण. माझ्या कोबाल्ट निळ्या शाईच्या ट्यूबचं झाकणही तिथेच सापडलं. मी ते परत घेतलं नाही.

तो त्या भिंती रंगवतो. हे मी स्वतः पाहिलं नसतं तर मलाही खरं वाटलं नसतं. पडवीच्या खिडकीतून, दुर्बिणीने, तीन आठवडे बघत होते. सकाळी तो चोचीत काहीतरी चघळत येतो, पालापाचोळा आणि थुंकी यांचा काळपट लगदा. मग आतल्या बाजूची एकेक काडी चोचीत धरून खालून वर ओढत जातो. काडीला ओला रंग चढतो. पावसाने धुतलं की पुन्हा. एकदा मी प्रयोग म्हणून समोर लाल चिमटा ठेवला. तो आला, थांबला, मान तिरपी करून बघितलं, चिमटा उचलला आणि पार कुंपणापलीकडे नेऊन टाकला. मग एक निळं झाकण चोचीने बोटभर सरकवलं, मागे येऊन बघितलं आणि पुन्हा सरकवलं. ते सरकवणं मी ओळखते. छपाईआधी मीही ठसा कागदावर असाच सरकवत असते.

हे घर नव्हे. मादी यायची, बघायची, तिच्यासमोर हा नाचायचा, एवढ्यासाठी ही रचना. घरटं ती एकटी दूर झाडावर बांधते आणि पिल्लं एकटी वाढवते. दुसरे नर संधी मिळताच याच्या वस्तू पळवतात, भिंती मोडतात. हाही तेच करतो.

तुम्ही प्लॅस्टिकचं विचारलंत ते अगदी चुकीचंही नाही. दुधाच्या बाटलीच्या झाकणाखाली जी निळी कडी राहते ती उचलताना पक्ष्याच्या गळ्यात अडकते आणि त्याला खाता येत नाही. म्हणून आमच्या घरात प्रत्येक कडी कात्रीने कापून मगच टाकतात. ते काम आईकडे आहे. नजर अधू झाली तरी बोटांनी चाचपून कापते. चित्रातल्या उजव्या कोपऱ्यात एक कापलेली कडी आहे, तुम्ही बघितली असेल.

मेलबर्नला राहते. मुलगा पाच वर्षांचा आहे. फिरायला गेलो की तो पक्ष्यांची, झाडांची नावं मराठीत विचारतो आणि मला येत नाहीत. त्याला काय सांगू?
*(एक आई, मेलबर्न)*

तुमचं पत्र मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं, कारण तुमच्या मुलाच्या जागी मी होते आणि तुमच्या जागी माझी आई होती.

आईने तीन गोष्टी केल्या. जे ओळखीचं होतं त्याला ओळखीचं नाव दिलं. खंड्याचं वर सांगितलंच. पिशवीसारखी चोच असलेला पेलिकन विंडँगला कोळ्यांच्या मागे मागे फिरायचा, तो झोळीवाला झाला. संध्याकाळी डोक्यावरून हजारोंनी जाणारी वटवाघळं वटवाघळंच राहिली. आणि जे पूर्ण अनोळखी होतं त्याला नाव द्यायची घाई तिने केली नाही. "कसा दिसतो सांग," म्हणायची. आम्ही सांगायचो. तिच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची म्हणून आम्हाला नीट बघावं लागायचं : पाय कसले, शेपूट हलवतो का, एकटा असतो की जोडीने. नाव त्यानंतर यायचं, कधी चार दिवसांनी.

तिसरी गोष्ट अशी की काही जीव खरोखरच दोन्हीकडचे आहेत, आणि ते आपल्याला हुडकता येतात. कियामाजवळ मिनामरा नदीच्या मुखाशी आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा आई चिखलात उभी राहून एका झाडाची पानं उलटून बघत होती. वरून हिरवी, खालून राखाडी, आणि चिखलातून वर आलेल्या बोटांएवढ्या मुळ्या. "तिवर आहे हे," ती म्हणाली. मला वाटलं आठवणीने म्हणते आहे. पुढे मोठेपणी वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकात बघितलं, जात एकच आहे. आंजर्ल्याच्या खाडीतला तिवर आणि मिनामराचा तिवर यांचं शास्त्रीय नाव एकच.

आणि काकण. कोकणच्या किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाला काकण म्हणतात. तुमच्या मुलाला तो मेलबर्नच्या आसपासच्या किनाऱ्यावरही कधीतरी दिसेल. १९७८च्या त्या पहिल्या हिवाळ्यात आई फारशी बोलत नसे. बाबा पाळीवर, मी शाळेत, ती दिवसभर घरात. एका रविवारी आम्ही पोर्ट केम्बलाच्या टोकाला गेलो. समोर समुद्रात पाच बेटं आहेत. वारा बोचत होता. बेटांकडून एक मोठा पक्षी आला, पंख न हलवता, वर उचलून धरलेले, पोट शुभ्र, शेपूट आखूड आणि पाचरीसारखी. आई ताडकन उठली आणि ओरडली, "काकण गो काकण!" पदर वाऱ्यावर उडत होता आणि ती हात वर करून त्याला दाखवत होती. आजूबाजूचे लोक वळून बघत होते. आंजर्ल्याला त्यांच्या आगराच्या वर एका उंच झाडावर काकणाचं घरटं होतं, वर्षानुवर्षं तेच, काट्याकुट्यांचा केवढा तरी भारा. खाली माशांची हाडं पडायची. हे सगळं तिने मला घरी येईपर्यंत सांगितलं. इतकं ती त्या सहा महिन्यांत बोलली नव्हती.

म्हणून तुम्हाला नाव येत नसलं तरी मुलाला विचारू द्या. तुम्हीच त्याला विचारा, कसा दिसतो. तुम्ही दोघांनी मिळून ठेवलेलं नाव मराठीच असेल. आणि काकणाचं नाव मात्र आजच सांगून ठेवा.

काल दुपारी आई पडवीत खुर्चीवर बसली होती. मोतीबिंदूचं झालं, पण आता पडदाच थकला आहे, तिला पाच पावलांपलीकडचं दिसत नाही. मी छाप काढत होते. कातळावरचे सगळे कुरव एकदम ओरडत उठले. आईने मान वर केली, डोळे मिटलेलेच. "काकण आलं असेल, बघ जा," म्हणाली. माझे हात शाईचे होते. तशीच बाहेर गेले, बघितलं आणि परत येऊन सांगितलं : हो, आलंय, उत्तरेकडून, कड्याला धरून चाललंय, पायात मासा आहे.

"केवढा?" आईने विचारलं.